दिव्यांग महिलांनी स्वतः चालवायची हक्क संघटना: गोव्यात ती कशी उभी करावी

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांचा कारभार पालक, डॉक्टर, विशेष शिक्षक आणि समाजसेवक पाहतात, आणि दिव्यांग महिला त्या संस्थांच्या यादीत लाभार्थी म्हणून येतात. दिव्यांगांनी काढलेल्या संघटनांत पुरुष पुढे असतात, तर महिला संघटनांत दिव्यांग बाईचा विषय वेळ उरला तर निघतो. या तिन्ही ठिकाणी मनापासून राबणारी माणसे आहेत. तरीही दिव्यांग बाईचे म्हणणे तिथे दुसऱ्याच्या तोंडून मांडले जाते, आणि तिला जे सर्वांत जास्त बोचते तेच नेमके त्यातून गळून पडते. म्हणूनच तिची स्वतःची, तिनेच चालवलेली संघटना हवी.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. या कराराचे सहावे कलम दिव्यांग महिलांबद्दल आहे, आणि दिव्यांगांशी संबंधित निर्णय त्यांच्या प्रतिनिधी संघटनांशी सल्लामसलत करून घ्यावेत, असे चौथे कलम सांगते. अशी संघटना कोणाला म्हणायचे, हे कराराच्या समितीने 2018 मध्ये स्पष्ट केले: जिचे नेतृत्व, दिशा आणि कारभार दिव्यांगांच्या हाती आहे आणि जिच्या सभासदांत त्यांचेच स्पष्ट बहुमत आहे, ती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा तालुक्यांत संघटना काढू पाहणाऱ्या महिलांनी ही कसोटी पुढच्या प्रत्येक पायरीवर लावून पाहावी.

हे अशक्य नाही, याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून 1984 साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली आणि पुढे तिचे काम आपल्या शेजारच्या कुडाळ तालुक्यापर्यंत आणले. दुसरा दाखला तर गोव्याशीच जोडलेला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कोलकात्याच्या जीजा घोष फेब्रुवारी 2012 मध्ये गोव्यातील एका परिषदेसाठी निघाल्या होत्या, तेव्हा त्यांना विमानातून खाली उतरवण्यात आले. त्या स्वतः याचिकाकर्त्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयाने मे 2016 मध्ये त्यांना 10 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला.

पहिली पायरी: घरातच राहिलेल्या महिलांपर्यंत पोहोचणे

2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांगांची नोंद झाली होती. त्यानंतर आलेल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्यांत ॲसिड हल्ल्याच्या पीडिता, पार्किन्सन, सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांचाही समावेश झाला. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून महिला शोधायला निघाल्यास निम्मे काम राहून जाईल. अंगणवाडी सेविका, उपकेंद्रातील परिचारिका, स्वयंसहाय्य गटाच्या प्रमुख, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे काढायला बँकेत येणाऱ्या बायका, ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळांसारख्या विशेष शाळांतून शिकून गेलेल्या मुली, वाड्यावरचे भजनी मंडळ, या साऱ्यांकडे चौकशी करावी. कोणत्या घरात कोण आहे, हे वाड्यावरच्या बायकांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही खात्याच्या फायलीत नसते.

घरभेटीला दोघीजणींनी जावे, आणि त्यांपैकी एक तरी दिव्यांग असावी. दार उघडणारी व्यक्ती बहुधा आई, वहिनी किंवा सासू असते आणि 'तिला काही समजत नाही' किंवा 'ती कुठे बाहेर जात नाही' हे वाक्य पहिल्या काही मिनिटांतच ऐकू येते. त्यावर वाद घालू नये. घरच्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, चहा घ्यावा, मग तिच्यासमोर, तिच्या नजरेच्या पातळीवर बसून तिचे नाव तिलाच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. बोलायला वेळ लागणाऱ्या बाईचे वाक्य घरातले कोणी ना कोणी पूर्ण करून टाकते. ते ऐकून घेतल्यावरही तिच्याकडेच पाहत राहिले, तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती स्वतः बोलू लागते. तिच्याशी एकटीशी बोलण्याची संधी मिळेपर्यंत भेटी चालू ठेवाव्यात, कारण घरच्यांसमोर बाई तक्रार सांगत नाही.

दिव्यांगत्वाचा दाखला किंवा युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र, नाही म्हणून कोणालाही सभासदत्व नाकारू नये. मानसिक आजार असलेल्या महिलांकडे अनेकदा कार्ड नसते, कारण त्यांच्या घरच्यांना ते कळू द्यायचे नसते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या महिलाही अशाच मागे पडतात. पहिल्या दहाजणींत केवळ कुबड्या वापरणाऱ्या आणि पदवीपर्यंत शिकलेल्या महिला असतील, तर संघटनेचे पुढचे सगळे प्रश्नही त्यांचेच होतील. अंध, कर्णबधिर, बौद्धिक आणि मनोसामाजिक दिव्यांगत्व असलेली किमान एकेक महिला सुरुवातीपासून असल्याशिवाय पुढची पायरी चढू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पायरी: सगळ्यांना येता येईल अशी बैठक

बैठकीची जागा ठरवताना शहरातले सभागृह किती सुंदर आहे, यापेक्षा तिथून घरी जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते, हे आधी पाहावे. सत्तरीच्या आतल्या वाड्यांवरून वाळपईला किंवा साखळीला येणाऱ्या बाईला बसच्या उंच पायऱ्या चढायला मदतनीस लागतो, म्हणजे दोन तिकिटे लागतात आणि मदतनिसाचा दिवसही मोडतो. दोघांचाही प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात ओल्या चिऱ्यांवरून कुबडी घसरते आणि लाल चिखलात चाकाची खुर्ची रुतते, म्हणून पावसाळ्यात एक मोठी बैठक घेण्याऐवजी तीन-चार वाड्यांच्या छोट्या बैठका घ्याव्यात. चतुर्थीच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे मोकळे ठेवावेत. तेव्हा घरातल्या सगळ्या बायकांवर कामाचा भार असतो, आणि दिव्यांग बाई काही काम करत नाही हा समज चुकीचा आहे. नारळ किसण्यापासून पोरे सांभाळण्यापर्यंत बसून करता येण्याजोगी कामे तिच्याच वाट्याला येतात.

कर्णबधिर महिला असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवावा. गोव्यात असे दुभाषे मोजकेच असल्याने बैठकीची तारीख त्यांना विचारून ठरवणे शहाणपणाचे ठरते. बहिणीने किंवा भावाने खुणा करून सांगणे हा घरातला मार्ग आहे. संघटनेच्या बैठकीत तो चालवून घेऊ नये, कारण भाऊ जे सांगण्याजोगे वाटेल तेवढेच सांगतो. अंध सभासदांना कागद दोन दिवस आधी युनिकोडमध्ये टंकित करून पाठवावेत, कारण स्कॅन केलेले पान फोनवरचे मजकूर वाचून दाखवणारे ॲप बहुधा वाचू शकत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर आवाजी संदेशाच्या रूपात पाठवावा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सभासदांसाठी एका वाक्यात एकच गोष्ट आणि सोबत चित्र, अशी वेगळी प्रत करावी. ही प्रत करायला बसले की आपल्या ठरावात किती भाग निव्वळ शब्दांचा पसारा होता, हेही उघड होते.

बैठकीत प्रत्येकीने बोलण्याआधी आपले नाव सांगावे, एका वेळी एकीनेच बोलावे, आणि मत हात वर करून न घेता नाव पुकारून घ्यावे. त्यामुळे हात उचलता न येणारी आणि हात न दिसणारी, अशा दोघींचीही अडचण दूर होते. सोबत आलेल्या नातेवाइकांसाठी बाजूच्या खोलीत बसण्याची आणि चहाची सोय असावी. सभेत त्यांना बसू द्यायचे की नाही, ते ज्या सभासदासोबत ते आले तिनेच ठरवावे.

तिसरी पायरी: पहिला प्रश्न निवडणे

पहिल्या वर्षी एकच प्रश्न हाती घ्यावा, आणि तो सभासदांच्या रोजच्या जगण्यातून आलेला असावा. आरोग्य केंद्रातले तपासणीचे टेबल इतके उंच असते की चाकाच्या खुर्चीवरून त्यावर चढता येत नाही, आणि म्हणून स्त्रीरोगतपासणी टाळली जाते. ग्रामसभा जिथे भरते ते सभागृह वरच्या मजल्यावर असते. बाजारपेठेतल्या सार्वजनिक शौचालयाच्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही. असे प्रश्न वरवर लहान दिसले तरी त्यांच्यामुळे बाईचे आरोग्य, मत आणि मिळकत अडते. ज्याचे उत्तर देणारा अधिकारी नेमका ठाऊक आहे आणि ज्याचा निकाल सहा-आठ महिन्यांत लागू शकतो, असा प्रश्न घ्यावा. पहिले यश डोळ्यांसमोर आले की पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रश्नांसाठी लागणारा धीर येतो.

चौथी पायरी: घटना आणि नोंदणी

सत्ता कोणाकडे राहणार, हे येथे लिहून ठेवले जाते. त्यामुळे या पायरीला जितका वेळ लागेल तितका द्यावा. बाजारात मिळणारी तयार नियमावली उतरवून घेतल्यास तिच्यात दिव्यांग हा शब्द फक्त उद्दिष्टांत सापडतो. सभासदत्व, मतदान आणि बँक व्यवहार यांच्या कलमांत तो कुठेच नसतो. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान 7 व्यक्ती लागतात. त्या सातही दिव्यांग महिला असाव्यात. 'सह्यांपुरते' म्हणून घातलेले नाव पुढे कारभारात उतरते, आणि ते काढणे फार कठीण जाते.

सभासदत्वाचे कलम अशा शब्दांत लिहिता येईल: 'मतदानाचा हक्क असलेले सभासदत्व केवळ 18 वर्षे पूर्ण केलेल्या दिव्यांग महिलांना मिळेल. पालक, शिक्षक, डॉक्टर आणि इतर हितचिंतक सहयोगी सभासद होऊ शकतील. त्यांना सभेत बोलण्याचा हक्क राहील, परंतु मतदानाचा किंवा पदाधिकारी होण्याचा हक्क राहणार नाही. सभासदाच्या वतीने अन्य कोणासही मत देता येणार नाही. मात्र मत समजून घेण्यासाठी व नोंदवण्यासाठी सभासदाला आपल्या पसंतीच्या व्यक्तीची मदत घेता येईल.' यातले शेवटचे वाक्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या महिलांसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे. मुलीच्या ऐवजी आईने मत द्यावे, असा आग्रह अनेकदा प्रेमापोटीच धरला जातो, पण 2016 च्या कायद्याचे कलम 13 दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असल्याचे मान्य करते. संघटनेनेच ती नाकारली, तर सरकारकडे ती मागण्याचा तिला काय अधिकार उरतो?

अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या पदांसाठी सलग दोन कार्यकाळांची मर्यादा घालावी आणि तिन्ही पदे एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाच्या महिलांकडे जाणार नाहीत, अशी अट ठेवावी. गणपूर्ती ठरवताना दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून हजर असलेल्या सभासद धराव्यात. वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्यापासून 14 दिवसांच्या आत कार्यकारी समितीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. ही तारीख चुकू देऊ नये, कारण पुढे समितीत वाद झाला तर कोण पदाधिकारी आहे, याचा तोच कागद पुरावा ठरतो.

बँक खात्यावर तीन पदाधिकाऱ्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या ठेवाव्यात, आणि त्या तिघीही मतदार सभासदच असाव्यात. अंध खजिनदाराला चेकबुक देता येणार नाही, किंवा अंगठा उठवणारीने सोबत पुरुष नातेवाईक आणावा, असे कोणी सांगितल्यास ते लेखी मागावे. अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम आणि लॉकरसह सर्व सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची 2008 पासूनची सूचना आहे. शाखा व्यवस्थापकासमोर त्या सूचनेची प्रत ठेवली की चर्चा लवकर आटोपते.

पाचवी पायरी: पैसा

अंदाजपत्रकाची पहिली ओळ दुभाषी, मदतनीस, वाहन, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतील छपाई यांच्यासाठी राखून ठेवावी. हा खर्च शेवटी घेतला की निधी कमी पडताच तोच आधी कापला जातो, आणि कागदावर सर्वांची असलेली संघटना प्रत्यक्षात चालता-बोलता येणाऱ्यांची होऊन बसते. पदाधिकारी महिलांना मानधन द्यावे. दिव्यांग बाईने सेवा फुकट करावी आणि तिच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या तज्ज्ञाला मात्र पाकीट द्यावे, ही रीत संघटनेने आपल्या घरापासून मोडावी.

देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकर कायद्यातील आवश्यक नोंदण्या वेळेवर कराव्यात. परदेशी निधीचा विचार लगेच करण्याचे कारण नाही, कारण त्याच्या नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि त्या काळात मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. गोव्यात खाण, औषधनिर्मिती आणि हॉटेल या व्यवसायांतून सामाजिक दायित्वाचा निधी मिळू शकतो. तो घेताना, ज्या हॉटेलात रॅम्प नाही किंवा ज्या कारखान्यात दिव्यांग महिलांना नोकरी नाकारली जाते, त्यांच्याविरुद्ध उद्या तक्रार करावी लागली तर हात बांधलेले राहणार नाहीत ना, हा प्रश्न समितीने इतिवृत्तात लिहून त्याचे उत्तर द्यावे. कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा वर्षाच्या एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून अधिक होऊ न देणे, ही सुरक्षित मर्यादा वाटते.

सहावी पायरी: कायदा स्वतः शिकणे

वकील सोबत असावाच, पण काही कलमे प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असावीत. 2016 च्या कायद्याचे कलम 4 दिव्यांग महिला व मुलांच्या समान हक्कांबद्दल आहे, कलम 10 संततिनियमन आणि प्रजननाविषयीच्या माहितीबद्दल आहे, आणि दिव्यांग व्यक्तीवर तिच्या संमतीविना वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येत नाही, असे ते सांगते. कलम 24 नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांतील साहाय्य तशाच इतर योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असायला हवे. कलम 37 मध्ये शेतजमीन व घरकुलांच्या वाटपात आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत 5 टक्के आरक्षण असून त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. पंचायतीतून घरदुरुस्तीचे किंवा स्वयंरोजगाराचे लाभ वाटले जातात, तेव्हा या प्राधान्याची यादी कुठे आहे, हे विचारणारे कोणीतरी हवे.

गोव्यात मात्र एक विषय असा आहे, ज्यावर देशभरातल्या प्रशिक्षण पुस्तिकांत फारसे काही सापडत नाही, आणि तो म्हणजे मालमत्ता. येथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क समान आहे. अपत्ये असलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने आपल्या निम्म्याच मालमत्तेची मनाप्रमाणे व्यवस्था करता येते. उरलेला निम्मा भाग अपत्यांसाठी राखीव असतो. वारसाहक्काचे हे नियम आता 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहेत. म्हणजे वडिलोपार्जित घरात, बागायतीत आणि शेतात दिव्यांग मुलीचा वाटा कायद्यानेच आहे. तरीही वडील गेल्यावर हक्कसोडीचा दस्त तयार होतो, 'आम्ही तुला सांभाळूच' असे सांगितले जाते, आणि वाचून न दाखवलेल्या कागदावर तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. भाऊ सांभाळतो तोवर काही जाणवत नाही, पण भावाच्या पश्चात तिच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

या बाबतीत संघटनेने चार कामे करावीत. प्रत्येक सभासदाच्या कुटुंबाच्या जमिनीचा फॉर्म 1 आणि 14 चा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत, ते तिला वाचून दाखवावे. इन्व्हेंटरीचा दावा, म्हणजे वारसांत मालमत्तेची वाटणी करण्याचे प्रकरण, न्यायालयात चालू असेल तर त्यात तिचे नाव वारस म्हणून घातले आहे का, ते तपासावे. कोणताही दस्त तिला समजेल अशा भाषेत, खुणांत किंवा ब्रेलमध्ये कळल्याशिवाय तिने सही करू नये, आणि तो समजावून देणारी व्यक्ती त्या व्यवहारात लाभ होणारी नसावी. याला कायद्याचा आधार आहे: आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष निर्माण झाला, तर आधार देणाऱ्या व्यक्तीने त्या व्यवहारापुरते दूर राहावे, असे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 13 सांगते. चौथे काम म्हणजे गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळवणे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला म्हणूनही आणि दिव्यांग म्हणूनही तिला तो हक्क आहे. घरात तंटा लावणे हा यामागचा हेतू नाही; बहुतेक भावांनाही कायदा नीट ठाऊक नसतो, आणि वेळेवर बसून बोलले तर वाटा कागदावर येतो.

सातवी पायरी: ग्रामसभेपासून आयुक्तांपर्यंत

गोव्यात सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी भरतात, आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर व 19 डिसेंबर यांच्यानंतर खास ग्रामसभा होतात. वर्षाचे वेळापत्रक या तारखांभोवती आखावे. ग्रामसभेत मांडायचा विषय आधी लेखी द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि विषय मांडणारी बाई त्याच वाड्यावरची असावी. 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या शासकीय वापराची तरतूद असल्यामुळे अर्ज मराठीत देता येतो.

अर्जात काय लिहायचे, यावर निकाल अवलंबून असतो. 'दिव्यांगांना आवश्यक त्या सुविधा द्याव्यात' असे लिहिलेला अर्ज 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या उत्तराने बंद होतो. त्याऐवजी टेप घेऊन मोजावे आणि असे लिहावे: 'पंचायत सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या असून त्यांची एकूण उंची 45 सेंटीमीटर आहे. 1:12 या उताराने तेथे 5 मीटर 40 सेंटीमीटर लांबीचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला रॅम्प हवा. दार किमान 90 सेंटीमीटर मोकळे असावे. पुढील ग्रामसभेपूर्वी हे काम होणे शक्य नसल्यास ती ग्रामसभा तळमजल्यावरील शाळेच्या वर्गात घ्यावी.' शेवटच्या वाक्यामुळे निधी नाही हे कारण पुरेसे राहत नाही. उंच-सखल पायऱ्या मोजताना खुर्ची वापरणाऱ्या सभासदानेच टेप धरावा आणि फोटोही तिनेच काढावा. कुठे अडते ते तिलाच ठाऊक असते.

अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे, आणि ते नियम 2017 मधले आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके निव्वळ मार्गदर्शक असू शकत नाहीत, ती सक्तीची हवीत, असा निकाल दिला. अर्जाच्या तळाशी या दोन्हींचा उल्लेख करावा. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराखाली अर्जावर काय कार्यवाही झाली, ते विचारावे. त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

त्यानंतरचा टप्पा राज्य दिव्यांग आयुक्तांचा. हक्कभंगाची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना आहे, साक्षीदार बोलावण्यासारखे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकारही आहेत, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित खात्याने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते. शिफारस मान्य नसेल तर तीच मुदत पाळून कारण द्यावे लागते. ही मुदत संघटनेच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहावी. राज्य सल्लागार मंडळावर दिव्यांगांच्या संघटनांचे जे दहा प्रतिनिधी नेमले जातात, त्यांत किमान पाच महिला असाव्यात, असे याच कायद्याचे कलम 66 सांगते. नेमणुका होण्याआधी आपल्या सभासदांची नावे अनुभवासह खात्याकडे पाठवून ठेवावीत, म्हणजे 'योग्य महिला सापडल्या नाहीत' असे म्हणायला जागा उरत नाही.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, आणि त्यानंतर देशभरातले दिव्यांग कार्यकर्ते त्या निमित्ताने गोव्यात येऊ लागले. अशा महोत्सवातून ओळखी होतात आणि मंत्री व सचिव एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून तिथे जरूर जावे. परंतु केवळ गाण्यासाठी किंवा नाचण्यासाठी बोलावणे आले, तर चर्चासत्रातही जागा मागावी.

आठवी पायरी: अत्याचाराची तक्रार आली तर

संघटना सुरू झाल्यावर काही महिन्यांतच कोणीतरी सभासद हळू आवाजात काही सांगेल. त्याआधीच लेखी पद्धत ठरलेली असावी. ऐकणाऱ्या दोघी आधीच नेमलेल्या असाव्यात, बाकी समितीला नाव कळू नये, आणि तिने होय म्हटल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. त्रास देणारी व्यक्ती तिला आंघोळ घालणारी, औषध देणारी किंवा तिच्या पैशांचा व्यवहार पाहणारी असू शकते. म्हणून पोलिसांत जाण्याआधी ती रात्री कुठे राहील आणि तिची चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, औषधे व कार्ड कोण आणेल, हे ठरवावे. संघटनेने स्वतः चौकशी करू नये आणि तिला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दिव्यांग महिलेची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह नोंदवावी, अशी तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. 2016 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, पण ती आवाजावर चालत असल्याने कर्णबधिर सभासदांसाठी संघटनेचा संदेश पाठवण्याजोगा वेगळा क्रमांक ठेवणे आवश्यक आहे.

नववी पायरी: दुसरी फळी

एकाच कर्तबगार बाईवर उभी राहिलेली संघटना तिच्या आजारपणात थांबते, आणि दिव्यांग महिलांच्या बाबतीत आजारपण, शस्त्रक्रिया आणि दीर्घ विश्रांती हा आयुष्याचाच भाग असतो. त्यामुळे प्रत्येक पदाला सुरुवातीपासून एक सहपदाधिकारी असावी, आणि वर्षातून निदान एक ग्रामसभा, एक खात्यातली बैठक व एक पत्रकार परिषद सहपदाधिकारीने एकटीने पार पाडावी. ज्येष्ठ बाईने त्या वेळी खोलीत बसू नये, कारण ती समोर असली की अधिकारी तिच्याचकडे पाहून बोलतात. मदतनीस म्हणून आलेल्या पगारी कर्मचाऱ्यांबाबतही हाच नियम ठेवावा: अधिकाऱ्याने प्रश्न मदतनिसाला विचारला, तर मदतनिसाने उत्तर न देता 'बाईंना विचारा' एवढेच म्हणावे.

पद सोडताना हस्तांतराची यादी वाचून दाखवून दोघींच्या सह्या घ्याव्यात. त्या यादीत नोंदणीपत्र, पॅन कार्ड, बँकेची कागदपत्रे, सर्व संकेतशब्द, प्रलंबित अर्जांचे आवक क्रमांक आणि त्यांच्या मुदती, दुभाषांचे व वाहनचालकांचे दूरध्वनी, आणि प्रत्येक सभासदाला कोणत्या स्वरूपात माहिती हवी असते त्याची नोंद असावी. नव्या सचिव अंध असतील तर ही सगळी फाइल त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात करून मगच दिली जावी, आणि त्या कामासाठी मावळत्या समितीने आपल्या कार्यकाळातला शेवटचा महिना राखून ठेवावा.